टोकं दिलीस, पांडुरंगा

पांडुरंगा, साखळीला तू टोकं दिलीस, याबद्दल आधी तुझे आभार मानते. मागणं नंतर.

ही साखळी सोन्याची नाही, लोखंडाचीही नाही. कडीला कडी जोडत हजारो अणूंची झालेली, डोळ्यांना न दिसणारी पॉलिमरची साखळी आहे. बादलीच्या प्लास्टिकात ती आहे, टायरच्या रबरात आहे, कापसाच्या धाग्यात आहे आणि माझ्या पेशीपेशीत मावलेल्या डीएनएतही आहे. एवढा लांब रेणू असू शकतो असं हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्या काळातल्या बऱ्याच रसायनतज्ज्ञांना ते पटलं नाही. लहान रेणूंचे पुंजके असतील, असं ते म्हणत राहिले. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळायला १९५३ साल उजाडलं. तू तर त्याच्या कितीतरी आधीपासून वर्ध्याकडच्या बोंडाबोंडात ती साखळी गुंफत होतास आणि आमच्या आज्या ती चरख्यावर कातत होत्या.

मी छत्तीसगडातल्या भिलाईजवळच्या जामुलची. वडील भिलाईच्या कारखान्यात कामाला म्हणून विदर्भातून आले आणि इथलेच झाले. जामुलला सिमेंटचा कारखाना १९६५ पासून आहे. भिलाईच्या भट्टीत लोखंड वितळतं तेव्हा वर येणारी मळी पाण्यानं एकदम थंड करतात, तिचे काचेसारखे दाणे होतात, तो स्लॅग. तोच दळून इथल्या सिमेंटमध्ये जातो. मी काँक्रीट तपासते. ३०० मिलिमीटर उंचीच्या पत्र्याच्या कोनात माल भरायचा, सळईनं ठोकायचा, कोन उचलायचा आणि माल किती बसला ते मोजायचं. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे फोडायचे. पोटापाण्याचं काम हे एवढंच, पण तू ज्या गोष्टींतून मला दिसलास त्या या कामातच दिसल्या, म्हणून त्यांच्याच भाषेत तुझ्याशी बोलते.

सिमेंटमध्ये पाणी घातलं की दाणे एकमेकांना धरून गठ्ठे करतात आणि पाणी त्या गठ्ठ्यांत अडकून बसतं. माल आवळतो, पंपातून वर चढत नाही. मिस्त्री म्हणतो, पाणी मारा. पाणी मारलं की आजचं काम सोपं होतं आणि छत कच्चं राहतं, कारण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे पोकळ्या उरतात. म्हणून मालात 'केमिकल' घालतात. साइटवर सगळे त्याला एवढंच म्हणतात. आतली वस्तू बहुतेक वेळा पॉलिकार्बोक्झिलेट असते, १९८० च्या दशकात जपानमध्ये वापरात आलेलं पॉलिमर. त्याच्या मुख्य साखळीवर ऋण भार असतो, तिला बाजूनं लांब साखळ्या फुटलेल्या असतात. मुख्य साखळी सिमेंटच्या दाण्यावर धन भाराची जागा शोधून चिकटते, बाजूच्या साखळ्या पाण्यात पसरतात आणि दुसऱ्या दाण्याला जवळ येऊ देत नाहीत. गठ्ठा सुटतो, अडकलेलं पाणी मोकळं होतं. शंभर किलो सिमेंटला साधारण किलोभर केमिकल पुरतं. पाणी कमी घालूनही माल वाहतो आणि छत पक्कं होतं.

देवा, त्या चिखलात त्या साखळीची काय अवस्था असेल याचा मी फार विचार करते. भोवती दळलेल्या स्लॅगचे कोनाडे, सिमेंटचे आडवेतिडवे तुकडे, मध्ये कुठं अरुंद फट, कुठं डबकं, आणि हे सगळं क्षणाक्षणाला बदलतंय, कारण सिमेंटची पाण्याशी क्रिया होऊन नवे स्फटिक उगवतायत. सरळ काही नाही, सारखं काही नाही. तिच्याजवळ नकाशा नाही. तरी ती पोचते. पण रेतीत चिकण माती आली की पोचत नाही. इथल्या शेतांत कन्हार माती आहे, काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तशीच काळी माती माझ्या वडिलांच्या गावी. या मातीचे कण पापुद्र्यांचे असतात, आणि त्या पॉलिमरच्या बाजूच्या साखळ्या दाण्यापर्यंत जायच्या ऐवजी पापुद्र्यांच्या मधल्या फटीत शिरून बसतात. केमिकल तेवढंच घातलेलं, माल मात्र जागचा हलत नाही. आम्ही रेती धुवून आणायला सांगतो. मातीला मी बोल लावत नाही, देवा. तिच्यावर इकडे धान होतं, तिकडे कापूस होतो. ओल धरून ठेवणं हा तिचा स्वभाव आहे, आणि त्याच स्वभावानं ती साखळीलाही धरून ठेवते.

लांब साखळी दाटीतून कशी चालते, हे कळायला माणसांना वेळ लागला. वेल्समध्ये जन्मलेले सॅम एडवर्ड्स यांनी १९६७ मध्ये म्हटलं की भोवतालच्या साखळ्या मिळून हिच्याभोवती एक नळी उभी करतात. नळीला स्वतःची भिंत नाही. जिथून आडवं जाता येत नाही, ती तिची भिंत. मग १९७१ मध्ये फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी पक्क्या अडथळ्यांमधली साखळी कागदावर मांडली आणि दाखवलं की ती आडवी सरकतच नाही. ती आपल्याच लांबीच्या रेषेत पुढंमागं सरकते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकींचा हात धरून निघालेल्या बायांची ओळ तू दरसाल बघतोस. मधल्या बाईला डावं-उजवं नसतं, पुढची जिथून गेली तिथूनच तिला जावं लागतं. पुढची मात्र फट दिसेल तिकडे वळते. साखळीचंही तसंच, आणि तिची दोन्ही टोकं पुढची, आता हे, मग ते. टोक एक पाऊल नव्या जागेत टाकतं, तेवढी नळी नवी होते. दुसऱ्या टोकाला तेवढीच जुनी नळी सुटते. असं करत करत एक वेळ येते की जुन्या नळीतलं काहीच उरत नाही. साखळी बाहेर आलेली असते, आणि वाटेतला एकही अडथळा तिनं मोडलेला नसतो.

तिला ढकलतं कोण? भोवतालचे रेणू तिच्या कडीकडीला अखंड धडकत असतात, कधी इकडून, कधी तिकडून. जी थरथर आहे ती उष्णतेची आहे, तिला दिशा नाही. त्या दिशाहीन थरथरीतून वाट निघते, कारण टोक मोकळं आहे. हे मी वाचलं त्या रात्री तुझ्यापुढं दिवा लावून बराच वेळ बसले होते.

आणि वेळ किती लागतो? साखळी दुप्पट लांब केली तर सुटायला आठपट वेळ, असं द जेन यांचं गणित सांगतं. प्रत्यक्ष मोजलं तर दहापटींहूनही थोडा जास्त निघतो. गणित चुकलं नव्हतं, त्यात दोन गोष्टी यायच्या होत्या. एक म्हणजे टोकं आत ओढली जातात आणि पुन्हा बाहेर येतात, नुसती पुढं जात नाहीत. दुसरी म्हणजे शेजारच्या साखळ्याही सरकत असतात. स्टॅनफर्डला स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये डीएनएच्या एका साखळीला चमकणारा रंग दिला, तिच्या टोकाला बारीक मणी लावला, तो प्रकाशाच्या चिमट्यात धरून इतर साखळ्यांच्या गर्दीतून वाकडातिकडा ओढला आणि साखळी आखडताना पाहिली. ती ज्या वळणांनी ओढली गेली होती, त्याच वळणांनी आखडत आली. सत्तावीस वर्षं कागदावर असलेली नळी त्या दिवशी माणसाच्या डोळ्यांना दिसली. बघणाऱ्यांना कसं वाटलं असेल, ते तुलाच ठाऊक.

या कामात आमची मराठी माणसंही आहेत, त्यांनाही तुझा आशीर्वाद असू दे. गोव्यात माशेलला जन्मलेले, मुंबईत गरिबीत शिकलेले रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडमधलं अध्यापन सोडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि तिथं पॉलिमरच्या प्रवाहाचं शास्त्र उभं राहिलं. आशिष लेले यांनी तिथंच साखळ्यांच्या गुंत्यावर वर्षानुवर्षं काम केलं. वितळलेलं पॉलिमर जोरानं ढकललं की एका मर्यादेनंतर ते नळाच्या भिंतीवरून घसरू का लागतं, हा त्यांच्या गटाचा एक प्रश्न. भिंतीला चिकटलेल्या साखळ्या सुटतात, की चिकटून राहूनही आतल्या साखळ्यांशी असलेला त्यांचा गुंता सुटतो? कारखान्यात प्लास्टिकची पिशवी खडबडीत निघते की गुळगुळीत, याच्याशी त्याचा संबंध आहे. मला हा प्रश्न सुंदर वाटतो. कोण कोणाला कुठं सोडतं, हे एवढ्या बारकाईनं विचारणारी माणसं पुण्यात आहेत, याचा मला अभिमान आहे.

एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, ती तुझ्यासमोर ठेवते. अरुंद फट साखळीला अडवते, हे कोणालाही कळेल. पण मुरुगप्पन मुत्तुकुमार आणि आर्टुर बाउमगेर्टनर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की वेड्यावाकड्या पोकळ्यांच्या जागेत लांब साखळीला खरी धरून ठेवते ती मोठी, ऐसपैस पोकळी. तिथं साखळीला हजार तऱ्हांनी वळता येतं, पसरता येतं. बाहेर पडायचं तर अरुंद दारातून कडी कडी करत जावं लागतं, म्हणजे ते हजार आकार सोडून देऊन एकाच आकारात ताठ व्हावं लागतं. दाराला कुलूप नसतं, कोणी धरलेलं नसतं. आतला मोकळेपणाच तिला बाहेर जाऊ देत नाही. मी जिथं ऐसपैस बसले आहे तिथून उठायचं बळ तू कधी देशील, हे मला ठाऊक नाही. पण मी बसले आहे, एवढं मला कळतं.

आता जे मागायचं आहे त्याच्याकडे येते.

अस्ताव्यस्त जागेचं शास्त्र करायचं तर सरासरी काढावी लागते. गोठलेला गोंधळ गणितात कसा धरायचा, याची एक वाट एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ मध्ये काढली. अडथळे कुठं कुठं आहेत ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून अडथळ्यांच्या साऱ्या मांडण्यांवर मिळून काय होतं ते बघायचं. ही लबाडी नाही, खूप मोठी बुद्धी आहे, आणि तिच्यावरच माझं कामही चालतं. तीन ठोकळ्यांची सरासरी काढते आणि छत पास करते. पण देवा, साखळी सरासरीत अडकत नाही. ती एका ठिकाणी, एका कोनाड्यात, एका पापुद्र्यात अडकते. माणूसही.

सिकलसेल आजाराचं बघ. विदर्भात आहे, छत्तीसगडात आहे, दोन्हीकडे घराघरांत आहे. डीएनएच्या लांब मजकुरात एक अक्षर बदलतं आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. गर्भातल्या बाळाला तो आजार आहे का, हे डीएनएवरून ओळखायची एक पद्धत १९८२ मध्ये निघाली. एक विकर ठरावीक जागी डीएनए कापतं, पण ते एक अक्षर बदललेलं असलं की कापायची खूणच पुसली जाते. निरोगी तुकडा ११५० अक्षरांचा निघतो, आजाराचा न कापलेला, १३५० चा. मग ते तुकडे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलमध्ये ठेवून वीज लावायची. जेल म्हणजे धाग्यांचं वेडंवाकडं जाळं. आखूड तुकडा पुढं जातो, लांब मागं पडतो. दोनशे अक्षरांचा फरक, तेवढाच उशीर, आणि त्या उशिरावर एका घराचं पुढचं सगळं ठरतं. आता तपासणीच्या इतरही पद्धती आहेत, पण रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेल्या आईला टक्केवारी सांगून भागत नाही. बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, हे डॉक्टर तिला सांगतात आणि खरं सांगतात. तिच्या पोटात एकच बाळ असतं. ते एक तुला दिसतं. त्या बाकावर तिच्याशेजारी तू बस, एवढं माझं मागणं आहे.

आणि आम्हाला फार जोरानं ओढू नकोस. फार लांब डीएनएला जेलमधून विजेनं सतत ओढलं की ते ओढीच्या दिशेत ताणलं जातं आणि सगळे लांब तुकडे एकाच वेगानं जाऊ लागतात, लहानमोठं ओळखता येत नाही. डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी १९८४ मध्ये ओढीची दिशा थोड्या थोड्या वेळानं बदलली. दर वेळी साखळीला सैल पडून वळावं लागतं, आणि ज्या तुकड्याला वळायला जितका वेळ लागतो त्यावरून तो ओळखू येतो. आमच्याकडे मुलं परीक्षांमागे आणि बाप शिफ्टमागे एकाच दिशेनं ताणलेले आहेत, देवा. त्यांना मध्येच सैल पडू दे.

ज्यांना टोकंच नाहीत त्यांच्यासाठी वेगळं मागते. जिवाणूंमध्ये डीएनएच्या गोल कड्याही असतात. अशी उघडी कडी जोरानं जेलमधून ओढली तर जेलचा एखादा धागा तिच्या पोटातून आरपार जातो आणि ती तिथंच लटकते. तिला ना हे टोक, ना ते. ज्यांच्या दिवसाला सुरुवात नाही आणि शेवट नाही, घरी आजारी माणूस आणि बाहेर उधारी अशा गोल फेऱ्यात जे आहेत, त्यांना कोणत्या बाजूनं सुटायचं ते शास्त्र सहज सांगत नाही. त्यांची ओढ कमी कर, म्हणजे निदान मागं सरता येईल.

आणि आमच्या गावच्या त्या माणसांना विसरू नकोस. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना झोपेत गोळी घातली. पुढच्याच महिन्यात द जेन यांना साखळ्यांच्या आणि द्रवस्फटिकांच्या अभ्यासासाठी नोबेल जाहीर झालं. इथं लेबर कॅम्पमध्ये त्याची खबर कोणाला असणार होती? कामावरून काढलेल्यांना परत घ्या, जगता येईल एवढी मजुरी द्या, म्हणत कामगार १ जुलै १९९२ ला भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनला रुळांवर बसले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्या कामगारांचा आकडा १६ म्हणून सांगतात. आम्ही आकडा सांगतो, तू नावं धरून ठेव. त्यांच्या घरी कोण जेवायचं थांबलं होतं, कोणाची सायकल स्टँडवर उभी राहिली, तेही धरून ठेव.

शेवटचं मागणं माझ्यापुरतं. जेलचे अडथळे आणि आवळलेल्या सिमेंटचे अडथळे गोठलेले असतात, ते हलायचे नाहीत. पण वितळलेल्या पॉलिमरमध्ये अडथळा म्हणजे दुसरी साखळीच असते, तीही आपल्या नळीतून कडीकडीनं निघालेली. तिचं टोक बाजूला झालं की हिच्या नळीची तेवढी भिंत आपोआप नाहीशी होते. प्रयोग आणि गणित यांच्यातला फरक समजला त्यात शेजारच्या साखळ्यांच्या सरकण्याचाही वाटा होता. मी आजवर तुझ्याकडे माझ्या वाटेतले अडथळे हटवायला सांगत आले. घरात, लॅबमध्ये, मंडळात, सासरी-माहेरी मी कोणाच्या नळीची भिंत होऊन बसले आहे, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तो कोण आहे ते मला सांग, पांडुरंगा, आणि माझ्या टोकाला एवढी थरथर राहू दे की मी तिथून सरकेन.